दादाला पाडणार कोण

वहिनी,

आज सकाळी चहा पिताना दादाने विचारलं, "उद्या रविवार ना? येणारेस ना ग्राउंडवर?" तुझं तेरावं परवाच झालं. हॉलमधल्या सतरंज्या अजून तशाच आहेत, आई तुझ्या कपाटाला हात लावायला तयार नाही, आणि हा गृहस्थ खेळायचं म्हणतोय. मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंडच उघडलं नाही. माणूस गेलं की घरचे त्याची आठवण काढून रडतात. मी तुझी आठवण काढतोय आणि मला दरदरून घाम फुटतोय. उद्या दादा चेंडू पोटाशी धरून धावत सुटेल आणि समोर तू नसशील. त्याला झालेल्या त्या अपघातानंतर त्याला पाडायचं काम फक्त तुझं होतं. बाकी कोणी त्याच्या अंगाला हात लावलेला नाही. आता दादाला पाडणार कोण, मला सांग.

बाहेरच्या माणसाला हे सांगायची सोय नाही. मीरा रोडला, आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मागच्या भरावावर, बँकेत आणि विमा कंपनीत खर्डेघाशी करणारी माणसं दर रविवारी अमेरिकन फुटबॉल खेळतात आणि त्यांना शिकवायला कमरेला ओढणी बांधलेली एक बाई असते, असं मी एकदा ऑफिसात सांगून बघितलं. साहेबांनी माझी तब्येत विचारली.

सुरुवात दादाची. त्याचा शाळेतला मित्र जहाजावर होता. त्याने अमेरिकेतून तो लांबट चेंडू आणला आणि बरोबर एका मॅचची व्हिडिओ कॅसेट. चेंडूला पहिल्याच दिवशी सगळे पपई म्हणायला लागले. कॅसेट तिकडच्या पद्धतीची, आपल्या व्हीसीआरवर धड चालायची नाही. चित्र काळंपांढरं यायचं आणि सारखं वर सरकायचं, त्यामुळे माणसांचे पाय पडद्याच्या वरच्या बाजूला आणि डोकी खाली. तेवढ्यावरून आम्ही नियम काढले. चेंडू घेऊन समोरच्या रेषेपलीकडे जायचं आणि समोरच्यांनी त्याला धरून आडवा करायचा, हे कळलं. पण प्रत्येक डावाआधी ते लोक गोल करून वाकतात कशाला, हे कळेना. प्रार्थना करत असणार, असं दादाचं ठाम मत पडलं. मग आम्हीही गोल करून, वाकून, "गणपती बाप्पा मोरया" म्हणून डाव सुरू करायला लागलो. आमच्यातला इरफानसुद्धा म्हणायचा. ते तिथे पुढचा डाव ठरवत असतात, हे फार उशिरा समजलं. तोवर मोरया अंगवळणी पडलं होतं.

तू तेव्हा नवी नवरी. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभी राहून बघायचीस. आम्हाला वाटायचं, वहिनीला कौतुक आहे. एका रविवारी तू खाली उतरलीस, चप्पल बाजूला काढलीस आणि म्हणालीस, "तुम्हाला कोणालाच पडता येत नाही." विमा कंपनीतला केतन हसला. "भाभी, गिरने में क्या सीखना?" पुढच्या क्षणी तो जमिनीवर आडवा होता. तूच त्याला हात देऊन उठवलंस आणि विचारलंस, "कहाँ लगा?" त्याने अंग चाचपून पाहिलं. कुठेच लागलं नव्हतं. परळच्या मंडळाकडून कबड्डी खेळलेली पोरगी आपल्या घरात आलीय हे आम्हाला माहीत होतं, पण त्याचा अर्थ काय ते त्या दिवशी समजलं.

घरात तू मला "भावजी, जेवायला वाढू का" म्हणायचीस. ग्राउंडवर "ए विन्या, ढुंगण खाली". घरात दादाला "अहो". ग्राउंडवर तू पहिल्यांदा "प्रकाश" अशी हाक मारलीस तेव्हा गॅलरीतल्या बायकांनी कपडे वाळत घालायचे थांबवले. आईने जेवताना विषय काढला. तू शांतपणे म्हणालीस, "आई, तिथे अहो म्हटलं की सगळीच लग्न झालेली माणसं वळून बघतात." आई हसली आणि तिथेच ते मिटलं. ती हसली म्हणून पुढची सगळी वर्षं झाली. आम्ही कोणीच कधी तिचे आभार मानले नाहीत. तुझे तरी कुठे मानले?

मी भित्रा आहे हे तुला पहिल्या आठवड्यात कळलं. कोणी अंगावर आलं की मी डोळे मिटायचो. भीती घालवायचे उपाय सगळे सांगायचे, एकटी तू म्हणालीस की राहू दे. ज्याला भीती वाटते तो डोकं बाजूला घेतो, ज्याला वाटत नाही तो डोकं पुढे घालतो, आणि आपल्याला मान एकच दिलेली आहे. म्हणूनच आम्ही कॅसेटमधलं बघून स्कूटरची हेल्मेटं घालून आलो तेव्हा तू ती सगळी काढून भिंतीवर ओळीने ठेवायला लावलीस. "मडकं घातलं की डोक्याला माज येतो." पाडायचं ते खांद्याने, कंबर धरून, दोन्ही हातांनी. आणि पुरतं. तुझा सगळ्यात मोठा राग अर्धवट धरणाऱ्यावर होता. भीतभीत धरलेला माणूस वाकडा पडतो, असं तू शंभरदा सांगितलंस, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडेच बघून.

शेजारच्या नवघर गावची मंडळी आली आणि खेळाला रंग चढला. जनू आणि त्याचे चुलतभाऊ, सगळे गावातले, सगळे कबड्डीत मुरलेले. जनूने चेंडू हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाला, "ह्यो काय खेल हाय? दम धरायचा न्हाय, मधली रेघ न्हाय." पण धडक दिसल्यावर त्याला आवडला. त्यांच्या सवयी मात्र जाईनात. दोघं-तिघं हाताला हात धरून साखळी करूनच धावणाऱ्याच्या अंगावर जायचे. दादाची तऱ्हा वेगळी. चेंडू घेऊन धावला की श्वास रोखायचा आणि ओठ हलायचे. कबड्डी कबड्डी पुटपुटायचा. लहानपणापासून तो कबड्डीच्या मैदानांभोवती घुटमळलेला, आणि तुला त्याने पहिल्यांदा पाहिलं तेही अशाच एका मैदानात. चार पोरी तुझ्या पायांना आणि कमरेला लटकलेल्या, तू जमिनीवर पालथी, आणि तशात हात ताणत ताणत तू मधली रेषा शिवलीस. त्याच संध्याकाळी त्याने आईला सांगितलं की लग्न करीन तर हिच्याशी. ही गोष्ट तो दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला सांगायचा आणि तू दर वर्षी उठून स्वयंपाकघरात जायचीस.

आता त्या सकाळबद्दल. आपण दोघं त्याबद्दल इतकं भांडलो, पण ती सकाळ नीट शब्दांत कधी बोललो नाही.

दिवाळी होऊन गेली होती, भराव वाळून दगड झाला होता. दादाला चेंडू मिळाला. तो डावीकडून निघाला, जनू आणि त्याचा भाऊ साखळी करून आडवे आले, आणि दादा गुडघ्यावर आला. तुझी शिट्टी वाजली. ती मी ऐकली. डाव तिथे संपला होता. पण दादाने श्वास सोडला नव्हता. कबड्डीत दम तुटला की गडी मेला; त्याच्या लेखी तो अजून मेला नव्हता. पालथा पडून त्याने हात लांब केला, रेषा वीतभर पुढे होती, आणि तो सरपटायला लागला. सरपटणारा माणूस बघितल्यावर नवघरच्या पोरांना दुसरं काही दिसेना. रेषा शिवायच्या आत त्याला दाबायचं, एवढंच त्यांच्या हाडात होतं. एक पडला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मग एकेक जण उठला. सगळे उठले आणि दादा उठला नाही.

त्याचं तोंड धुळीत होतं. मी जवळ गेलो तर तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "विन्या, माझे पाय कुठेयत?"

वहिनी, मला तो आवाज अजून ऐकू येतो. घाबरलेला नव्हता. चष्मा कुठे ठेवला विचारावा तसा होता. मी पाय पाहिले. ते तिथेच होते, एक बूट निघालेला. मी अंगठा दाबला आणि विचारलं, "कळतंय?" तो म्हणाला, "काय?"

गर्दी धावली. कोणी पाणी आणलं, कोणी बसवा त्याला म्हणायला लागलं, दोघांनी तर हातापायांना धरून उचलायची तयारी केली. तू ओरडलीस, "हात लावायचा नाही कोणी." इतका मोठा आवाज मी तुझा कधी ऐकला नव्हता. तू त्याच्या डोक्याशी मांडी घालून बसलीस आणि दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरलंस, आहे तसं. बाजूच्या बिल्डिंगचं काम चालू होतं, जनू तिथून स्लॅबची फळी ओढत घेऊन आला. तुझ्या मोजणीवर सगळ्यांनी मिळून दादाला अखंड उचलून फळीवर घेतलं. टेम्पोच्या मागच्या हौद्यात तू, मी, जनू आणि दादा. तेव्हाचा तो रस्ता. प्रत्येक खड्ड्याला तू डोळे मिटत होतीस आणि हात हलू देत नव्हतीस. जनू ड्रायव्हरला सांगत होता, "सावकाश, बाबा, सावकाश," आणि रडत होता. मी रडलो नाही. माझ्या डोक्यात फक्त आईला काय सांगायचं हे चालू होतं. दादाची नोकरी, घराचे हप्ते, आणि हा माणूस आता कायमचा बिछान्यावर. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी त्याचा डावा अंगठा हलला. डॉक्टर म्हणाले, मणक्याला मार बसून सूज आलीय, नस तुटलेली नाही, हलवाहलव केली असती तर मात्र काही सांगता आलं नसतं. तू बाहेरच्या बाकावर आलीस आणि तुझे हात उघडेनात. डोकं धरलेलं असावं तशीच बोटं वाकडी राहिली होती. मी ती एकेक करून सरळ केली. तेव्हा तू पहिल्यांदा म्हणालीस, "भावजी, हे माझ्यामुळे झालं."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते तू गेलीस तरी संपलेलं नाही. तुझं म्हणणं, पडल्यावर हात लांब करायचा हे त्याने तुझ्याकडून घेतलं. माझं म्हणणं, तू तर घसा फोडून सांगत होतीस की गुडघा टेकला की संपलं. तू म्हणायचीस, "तोंडाने सांगितलेलं कोण ऐकतो? त्यांनी मला करताना बघितलंय." मी म्हणायचो, मग मॅच बघायला येणाऱ्या सगळ्या जगाचा भार तूच घे डोक्यावर. तू चिडून कणीक मळायला लागायचीस. मला अजूनही वाटतं की मी बरोबर होतो. हे तुला पटवायला अजून वेळ आहे असं मी धरून चाललो होतो.

दादा बरा झाला. गळ्यातला पट्टा निघाला, ऑफिस सुरू झालं, आणि एके दिवशी तो पुन्हा ग्राउंडवर येऊन उभा राहिला. तू घरी त्याच्याशी भांडलीस, बोलणं टाकलंस, आईला मध्ये घातलंस. त्याचं एकच. "शैला, मी असाच खिडकीत बसलो तर म्हातारा होईन. मला कोणी हात लावत नाही. बसमध्येसुद्धा विन्या माझ्यापुढे आडवा उभा राहतो." ते खरं होतं. मग तू म्हणालीस, "ठीक आहे. पण पाडणार मी."

तो रविवार मी मेलो तरी विसरणार नाही. दादा वीस पावलांवर चेंडू घेऊन, तू समोर. गॅलऱ्या भरलेल्या. जनू माझा दंड धरून उभा होता आणि त्याची नखं रुतत होती. दादा धावला, तू खाली वाकलीस, आणि खांदा त्याच्या पोटात घालून, कंबर धरून त्याला असा आडवा केलास की धूळ उडाली. पुरता. त्यात दयामाया काही नव्हती. तो उठला, कपडे झटकले आणि हसला. तू उठलीस आणि सरळ घरी गेलीस. थोड्या वेळाने मी वर आलो तर तू बाथरूममध्ये ओकत होतीस. म्हणालीस, "कोणाला सांगू नका." आणि पुढच्या रविवारी पुन्हा खाली उतरलीस.

तेव्हापासून तो नियमच झाला. कोणी ठरवला नाही. दादा आला की जनूसुद्धा बाजूला व्हायचा. "ती ताईची पकड हाय," म्हणायचा. पलीकडच्या बेव्हर्ली पार्क सोसायटीची नवी पोरं आली त्यांनाही पहिल्या दिवशी हेच सांगितलं जायचं. तू दर रविवारी त्याला पाडायचीस आणि दर रविवारी घरी आल्यावर तुला जेवण जायचं नाही. तुझी भीती एवढी होती आणि तू ती एकटीने सांभाळलीस. आम्हाला आमच्या वाटणीची भीती परत द्यायला हवी होतीस, वहिनी.

कावीळ म्हणता म्हणता तू गेलीस. शेवटच्या दिवसांत मी तुझ्या खाटेशी बसायचो तेव्हा तू सिलेंडरचा नंबर लावा, दूधवाल्याला अर्धा लिटर कमी करायला सांगा, असलंच काही बोलायचीस. माझ्या ओठावर एक प्रश्न होता. दादाचं काय करायचं? रविवारी कोण? विचारला असता तर तू निघालीस हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणून सिलेंडरचा नंबर लावला. स्मशानात दादाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यानंतरही नाही. आई म्हणते, रडत नाहीये, हे चांगलं लक्षण नाही.

हे इथवर शनिवारी लिहिलं. आता रविवारची दुपार आहे.

सकाळी सगळे आले. नवघरचे कोणी न बोलावता आले. गोल झाला, पण मोरया कोणाच्या तोंडून निघेना. केतनने हळू आवाजात म्हटलं तेव्हा बाकीच्यांनी म्हटलं. दादाने चेंडू घेतला आणि धावला. जनू बाजूला झाला. इरफान बाजूला झाला. दादा चालल्यासारखा रेषेपलीकडे गेला आणि परत आला. पुन्हा धावला. पुन्हा सगळे बाजूला. परत येताना त्याचा चेहरा लाल झाला होता. "इथे कोणी आहे की नाही?" तो ओरडला.

तिसऱ्या वेळी तो माझ्याकडेच निघाला. ओठ हलत होते त्याचे. मला टेम्पो दिसत होता, निघालेला बूट दिसत होता. बाजूला होणं अगदी सोपं होतं. आणि मग वाटलं, मी घाबरून हात लावला तर तो वाकडा पडेल. धरायचं तर पुरतं. मी डोळे उघडे ठेवले, डोकं बाजूला घेतलं आणि होता नव्हता तो जोर लावून खांदा घातला.

आम्ही दोघं खाली आदळलो. तो पालथा पडला आणि हलेना. "दादा, पाय हलव," मी म्हणालो. तो हलेना. "दादा, पाय हलव रे." मग त्याची पाठ माझ्या हातांखाली थरथरायला लागली, आणि त्याच्या घशातून जो आवाज आला तो ऐकून खिडक्या उघडल्या. तो रडत होता, वहिनी. मोठ्याने, धुळीत तोंड खुपसून, तुझं नाव घेत. पाय हलत होते. हट्टाला पेटलेलं पोर आपटतं तसे दोन्ही पाय जमिनीवर आपटत होता. मी त्याला सोडलं नाही. तसाच धरून पडून राहिलो, आणि कोणी आम्हाला उठवायला आलं नाही.

बऱ्याच वेळाने तो उठून बसला. जनूने त्याच्या पाठीवरची धूळ झाडली, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आता ही पकड तुजी हाय, विन्या." दादाने मान हलवली. घरी येऊन तो पोटभर जेवला. आईने त्याला दोनदा भात वाढला.

मला जेवण गेलं नाही. ताट सारलं आणि हे लिहायला बसलोय. पुढच्या रविवारी तो पुन्हा येणार, आणि मला पुन्हा त्याच्यासमोर उभं राहायचंय. मला फार भीती वाटते, वहिनी. मी जाणार आहे.